चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही: एडवर्ड एव्हरेट हॉर्टन आणि ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ नावाचा पेशा

ऑस्करच्या यादीत २०२५ सालच्या चित्रपटांपासून एका नव्या विभागाची भर पडली: कास्टिंग. कोणती भूमिका कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्यांचं हे पारितोषिक. त्यावर एक शंका हमखास ऐकू येते. नायक-नायिका तर निर्माता आणि दिग्दर्शकच ठरवतात, मग या लोकांनी केलं काय? तर नायक-नायिका सोडून जे वीस-पंचवीस चेहरे पडद्यावर येतात, त्यांत यांची खरी कसोटी असते. हॉटेलचा मॅनेजर, नायकाचा घाबरट वकील, शेवटच्या रिळात नायिका ज्याला सोडून जाणार आहे तो सज्जन वाग्दत्त वर. तिकीट नायकाच्या नावावर खपतं, पण सिनेमा उभा राहतो तो बऱ्याचदा या मंडळींवर.

हॉलिवूडमध्ये अशा नटाला ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ म्हणतात. वयाशी किंवा भूमिकेच्या लांबीशी याचा संबंध नाही. ज्याला स्वतःच्या देखणेपणावर किंवा नावावर नव्हे, तर एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाला चटकन उभं करण्याच्या कसबावर काम मिळतं, तो कॅरेक्टर अ‍ॅक्टर. विनोदी चित्रपटांत तर त्याच्याशिवाय पान हलत नाही.

हे सगळं एका माणसाच्या कारकिर्दीतून फार छान समजतं. एडवर्ड एव्हरेट हॉर्टन. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्सचे नाचगाण्याचे कृष्णधवल सिनेमे पाहिले असतील तर तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. लांबट नाक, उंच कपाळ, बोलता बोलता चिरकणारा आवाज आणि चेहऱ्यावर कायम ‘आता आणखी काय झालं?’ असा भाव.

माणूस कोण होता?

जन्म १८ मार्च १८८६, ब्रुकलिन. वडील न्यूयॉर्क टाइम्सच्या छपाई विभागात, आईचे आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. ओबर्लिन, ब्रुकलिन पॉलिटेक्निक, मग कोलंबिया अशी कॉलेजं फिरून झाली आणि अभ्यासापेक्षा नाटकात जीव रमला. १९०६ च्या सुमाराला तो रंगमंचावर आला तो कोरसमध्ये गाणारा म्हणून. त्यानंतर बरीच वर्षं नाटक कंपन्यांमधून उमेदवारी. १९१९ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथल्या मॅजेस्टिक थिएटरमधल्या नाटक कंपनीत स्थिरावला. हा तपशील महत्त्वाचा आहे. अशा कंपनीत नाटकं भराभर बदलत, आज म्हातारा तर पुढच्या नाटकात प्रियकर, आणि हशा कुठे येतो, किती वेळ टिकतो, पुढचं वाक्य कधी टाकायचं याचा हिशेब रोज रात्री समोरच्या प्रेक्षकांकडूनच मिळे.

१९२२ पासून तो मूकपटांत दिसू लागला. १९२३ च्या ‘रगल्स ऑफ रेड गॅप’मध्ये तो मुख्य भूमिकेत होता: पोकरच्या डावात एका अमेरिकन कुटुंबानं जिंकलेला इंग्रज नोकर. १९२७-२८ मध्ये मूकपटांतला नामांकित विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याच्या कंपनीनं त्याला घेऊन आठ छोटे विनोदी मूकपट काढले. म्हणजे हा काही सुरुवातीपासून कोपऱ्यात उभा राहणारा नट नव्हता, नायक होऊन पाहिलेला माणूस होता.

मग बोलपट आले. मूकपटांतल्या पुष्कळ नटांची तोंड उघडताच पंचाईत झाली. हॉर्टनचा आवाज मात्र वीस वर्षं नाटकात तयार झालेला. वॉर्नर कंपनीचा दुसरा पूर्ण बोलपट ‘द टेरर’ १९२८ मध्ये आला, त्यात तो होता. चाळिशी ओलांडल्यावर त्याची खरी कारकीर्द सुरू झाली.

एवढी कामं एकाच माणसाला का मिळत?

तीसच्या दशकात अमेरिकेत वर्षाला पाचशेच्या आसपास पूर्ण लांबीचे चित्रपट निघत. मोठ्या कंपन्यांकडे स्टुडिओ होते, कलाकार करारानं बांधलेले होते आणि चित्रपटगृहंही त्यांच्याच मालकीची होती. दर आठवड्याला त्या पडद्यांवर काहीतरी नवं लावायचं होतं. या साऱ्या व्यवस्थेला ‘स्टुडिओ सिस्टिम’ म्हणतात.

अशा घाईत पटकथेतल्या प्रत्येक लहान माणसाची ओळख करून द्यायला वेळ कुठला? म्हणून ठरावीक स्वभावांचे ठरावीक नट लागत. वाण्याच्या दुकानात बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात, वर चिठ्ठ्या असतात, आणि जिरे हवे असतील तर वाणी प्रत्येक बरणी उघडून वास घेत बसत नाही. हात सरळ तिथे जातो. फ्रँकलिन पँगबॉर्न म्हणजे कातावलेला हॉटेल मॅनेजर. एडगर केनेडी म्हणजे राग हळूहळू चढत जाणारा टकलू. एरिक ब्लोअर म्हणजे आगाऊ बटलर. हॉर्टन म्हणजे श्रीमंत किंवा सुशिक्षित, अतिशय सभ्य आणि जरा काही झालं की गडबडून जाणारा गृहस्थ. तो दारातून आत आला की प्रेक्षक हसायला तयार. लेखकाचं पानभर काम वाचलं.

एकट्या १९३७ सालची त्याची यादी पाहा. कोलंबियासाठी ‘लॉस्ट होरायझन’, आरकेओसाठी ‘शॅल वी डान्स’, पॅरामाउंटसाठी ‘एंजल’, वॉर्नरसाठी ‘द ग्रेट गॅरिक’, फॉक्ससाठी ‘डेंजर: लव्ह अ‍ॅट वर्क’, युनिव्हर्सलसाठी ‘ओह, डॉक्टर’. शिवाय आणखी काही. यांत तो कुठे जीवाश्मांचा अभ्यासक आहे, कुठे बॅले कंपनीचा मालक, कुठे नोकर. आणि ‘ओह, डॉक्टर’मध्ये चक्क नायक, आपल्याला सगळे आजार झालेत अशी खात्री असलेला. मोठ्या सिनेमात पाचव्या क्रमांकाचं नाव आणि लहान सिनेमात पहिलं, असा त्याचा दुहेरी संसार होता. साधारण नट तेव्हा एका कंपनीशी सात-सात वर्षांच्या करारानं बांधलेला असे. अधूनमधून कंपन्या आपला नट दुसऱ्याला उसना देत हे खरं, पण सहा कंपन्यांच्या दारांतून एका वर्षात ये-जा करणारा माणूस कोणा एकाच्या दावणीला होता असं वाटत नाही.

तो करायचा काय, नेमकं?

इथे एक तांत्रिक शब्द लागेल: ‘डबल टेक’. समोर काहीतरी विचित्र घडतं किंवा बोललं जातं. नटाच्या ते लक्षात येत नाही, तो नजर वळवतो. मग अर्थ डोक्यात शिरतो आणि तो झटक्यानं पुन्हा पाहतो. एवढंच. लॉरेल-हार्डीच्या सिनेमांतला जेम्स फिनलेसन हे मान झटकून, एक डोळा बारीक करून करायचा. जोरकस, सर्कशीच्या जवळ जाणारं.

हॉर्टननं त्यातली घाई काढून टाकली. कोणी त्याला भलतंच काही सांगतं. तो हसतो, मान डोलावतो, ‘हो हो, अगदी बरोबर’ असा चेहरा करतो. हसू तसंच राहतं, पण डोळे थांबतात. मग हसू कडेकडेनं उतरायला लागतं. शेवटी सगळा चेहरा कोसळतो आणि मागे एक चिंताग्रस्त मुखवटा उरतो. कधी कधी त्याच्यापुढेही एक पायरी असते: तो स्वतःची समजूत घालून पुन्हा हसू आणतो आणि ते पुन्हा ढासळतं. सभ्य माणसाला समोरच्याचा अपमान करायचा नसतो, म्हणून तो आधी हो म्हणतो आणि मग विचार करतो, हे त्या सगळ्या कसरतीच्या मुळाशी आहे. म्हणून ती नुसती चेहऱ्याची करामत वाटत नाही.

दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) या चित्रपटात हीच युक्ती जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर ताणलेली आहे. हॉर्टन यात फिलिबा नावाचा धनाढ्य. व्हेनिसमधल्या हॉटेलात एक भामटा डॉक्टर बनून त्याच्या खोलीत शिरतो, टॉन्सिल तपासतो म्हणतो आणि त्याला लुटून जातो. पुढे पॅरिसमध्ये तोच भामटा एका श्रीमंत विधवेचा सेक्रेटरी होऊन समोर येतो. फिलिबाला वाटतं, याला कुठेतरी पाहिलंय. कुठे? सिनेमा पुढे सरकत राहतो, प्रेमप्रकरण रंगतं, आणि हा बिचारा आठवतोच आहे. अखेर गोंडोलाच्या आकाराचं एक अ‍ॅशट्रे त्याच्या नजरेला पडतं आणि व्हेनिस, डॉक्टर, टॉन्सिल सगळं एकदम उलगडतं. एका डबल टेकला इतका वेळ! आणि गंमत म्हणजे तो विनोद कथेचा धागाही आहे, कारण याला आठवलं की भामट्याचा खेळ खलास.

दिग्दर्शकाला अशा नटाची गरज आणखी एका कारणानं असते. थिएटरात हशा पिकला की पुढचं वाक्य बुडतं. नाटकात नट थांबतो, सिनेमातला नट आधीच चित्रित झालेला असतो. १९३५ साली मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या त्रिकुटानं ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’चे प्रसंग चित्रीकरणाआधी रंगमंचावर करून पाहिले ते यासाठीच: हशा कुठे येतो, किती लांबतो ते मोजायला. हॉर्टनचा हळूहळू कोसळणारा चेहरा हे काम आपसूक करतो. प्रेक्षक हसताहेत तेवढा वेळ पडद्यावर काहीतरी चालू असतं, आणि शब्द कुठलेच वाया जात नाहीत.

“पण हा प्रत्येक सिनेमात तेच करतो!”

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्याच्या सामान्य सिनेमांत ते कंटाळवाणंही होतं. असे सिनेमे काही कमी नाहीत. पटकथेत काहीच नसलं की हात चोळणं आणि ‘ओ डिअर’ एवढंच उरतं.

पण चांगल्या हातात पडल्यावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. ‘टॉप हॅट’ (१९३५) घ्या. अस्टेअर नाचतो, रॉजर्स रुसते, आपण ते लक्षात ठेवतो. मात्र कथानक उभं आहे हॉर्टनच्या होरेस हार्डविकवर. रॉजर्सचा असा समज होतो की आपल्यामागे लागलेला हा नर्तक म्हणजेच आपल्या मैत्रिणीचा नवरा होरेस. गैरसमज एवढा एकच, त्यावर सगळा सिनेमा. खरा होरेस मात्र आपल्या बटलरशी संध्याकाळच्या पोशाखाला कोणत्या आकाराचा बो टाय शोभतो यावरून अबोला धरून बसलेला. जगबुडीच्या गांभीर्यानं चाललेलं हे भांडण हॉर्टन आणि ब्लोअर असं रंगवतात की नाच संपून पुन्हा ते दोघं कधी येतात याची मी तरी वाट पाहतो. नाचाच्या चाहत्यांनी माफ करावं.

‘हॉलिडे’ची कथा दोनदा चित्रित झाली, १९३० आणि १९३८ साली. दोन्ही वेळा नायकाचा मित्र निक पॉटर हॉर्टनच झाला. दुसऱ्या आवृत्तीत कॅरी ग्रँट आणि कॅथरिन हेपबर्न आहेत, आणि हॉर्टनचा निक गडबडणारा नाही. शांत, हुशार, श्रीमंतांच्या घरात गेल्यावर अवघडलेला असला तरी आपली किंमत ओळखून असलेला प्राध्यापक. चिठ्ठी तीच, आतला माल निराळा.

त्या घाबरटपणात आणखी काही दडलेलं होतं का?

चित्रपट अभ्यासकांमध्ये यावर पुष्कळ चर्चा आहे, म्हणून टाळता येत नाही. जुलै १९३४ पासून हॉलिवूडनं स्वतःवर लादून घेतलेली आचारसंहिता कडकपणे लागू झाली. समलैंगिकतेचा उल्लेखसुद्धा पडद्यावर निषिद्ध. मग लेखक-दिग्दर्शकांनी आडवळणं शोधली. नटवं वागणं असलेला, बायकांना बिचकणारा, कपड्यांबद्दल काटेकोर असा गृहस्थ पडद्यावर आणायचा. सेन्सॉरला बोट ठेवायला काही नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. हॉर्टन, पँगबॉर्न, ब्लोअर यांच्या कितीतरी भूमिका या चष्म्यातून वाचल्या जातात, आणि ते वाचन ओढूनताणून केलेलं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. असा माणूस बहुतेक वेळा हसण्याचा विषय होता, नायकाच्या मर्दपणाला उठाव देण्यासाठी ठेवलेला. हॉर्टनचं वेगळेपण मला असं वाटतं की त्याची पात्रं केविलवाणी होत नाहीत. ती चिडतात, दुखावतात, पण स्वतःच्या तऱ्हेबद्दल कुणाची क्षमा मागत नाहीत. त्यानं स्वतः लग्न केलं नाही. पडद्यावरच्या भूमिकांवरून त्याच्या खासगी आयुष्याचे तर्क लढवण्यात मला रस नाही.

त्याच आचारसंहितेचा फटका ‘ट्रबल इन पॅरडाइज’लाही बसला. १९३५ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित करायला परवानगी नाकारली गेली आणि पुढची तीस-एक वर्षं तो सर्वसामान्य प्रेक्षकांच्या नजरेआड राहिला. हॉर्टनचं सर्वांत उत्तम काम एका अख्ख्या पिढीनं पाहिलंच नाही.

मग पैसा मिळाला का?

हयातीत मिळाला, आणि चांगला मिळाला. लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात त्यानं मोठी जागा घेतली, तिचं नाव ‘बेली एकर्स’. पोटाची आठवण करून देणारं हे नाव ‘बेली’चं स्पेलिंग ऐटबाज करून लिहिलं जाई. त्या आवारातल्या घरात १९३८ ते १९४० या काळात भाडेकरू होता एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड. एवढ्या मोठ्या कादंबरीकाराला आपला हा पत्ता सांगायला संकोच वाटे म्हणतात. पुढे महामार्गासाठी त्या जमिनीचा बराचसा भाग गेला.

सिनेमातून उसंत मिळाली की हॉर्टन ‘स्प्रिंगटाइम फॉर हेन्री’ या नाटकाचे दौरे काढायचा. वर्षानुवर्षं, गावोगाव. त्याच्या प्रयोगांचा आकडा तीन हजारांच्या आसपास सांगितला जातो. म्हणजे सिनेमावर पोट अवलंबून नव्हतं, आणि नको ती भूमिका नाकारायला पाठीशी काहीतरी होतं.

पण एक पैसा त्याला मिळाला नाही. सिनेमा किंवा मालिका पुन्हा कुठे दाखवली गेली की कलाकाराला जो वाटा मिळतो, त्याला ‘रेसिड्युअल’ म्हणतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता: स्ट्रीमिंगवर काम जगभर चालतं आणि हाती येणारा धनादेश कधी कधी काही सेंटांचा. लेखकही तेव्हा संपावर होते. दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर जाण्याची त्याआधीची वेळ १९६० ची.

त्या १९६० च्या संपाचा हॉर्टनच्या पिढीशी थेट संबंध आहे. पन्नासच्या दशकात स्टुडिओंनी जुने चित्रपट टेलिव्हिजनला विकून टाकले. आरकेओचा सगळा साठा दशकाच्या मध्यावर गेला, पॅरामाउंटचा १९५८ मध्ये. घराघरांत ‘टॉप हॅट’ लागू लागला. नटांनी वाटा मागितला. तेव्हा त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन, होय, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. ७ मार्च ते १८ एप्रिल असा संप चालला. तडजोड अशी: १९६० पासूनच्या चित्रपटांना वाटा मिळेल. १९४८ ते १९५९ या काळातल्या चित्रपटांवरचा हक्क सोडायचा, बदल्यात पेन्शन आणि आरोग्य निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर. आणि १९४८ आधीच्या चित्रपटांना काहीच नाही.

हॉर्टनचं जवळजवळ सगळं नावाजलेलं काम १९४८ आधीचं. टेलिव्हिजनमुळे त्याचा चेहरा नव्या पिढीला पाठ झाला, त्या प्रत्येक प्रक्षेपणाची त्याची कमाई शून्य.

एवढा गुणी होता तर ऑस्कर का नाही?

त्याला साधं नामांकनही कधी मिळालं नाही. सहायक अभिनेत्याचा विभाग मुळात १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि १९४३ पर्यंत त्यात पुतळा नव्हे, नुसती फलकवजा पाटी देत. पहिला मानकरी वॉल्टर ब्रेनन. त्यानं पहिल्या पाच वर्षांत तीनदा बाजी मारली. गर्दीतल्या एक्स्ट्रा नटांना तेव्हा मतदानाचा हक्क होता आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला, याचा त्याला उपयोग झाला असं मानतात.

शिवाय पारितोषिकाला मोठा प्रसंग लागतो: एक मृत्यू, एक त्याग, एक भाषण. हॉर्टनच्या वाट्याला असतो दोन वाक्यांमधला तीन सेकंदांचा चेहरा. तो उत्तम जमला तर प्रेक्षकाला समोरच्या नटाचा विनोद आवडल्यासारखं वाटतं.

आज असे नट का दिसत नाहीत?

दिसतात, पण वेगळ्या जागी. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि स्टुडिओंना चित्रपटगृहांवरची मालकी सोडावी लागली. दर आठवड्याला पडदा भरण्याची सक्ती गेली, चित्रपटांची संख्या घटली, करारावरचे नट कमी झाले. ओळीनं मांडलेल्या बरण्याच हटल्या. ठरावीक स्वभावाचे चेहरे टेलिव्हिजनच्या मालिकांकडे सरकले.

हॉर्टनही तिकडेच गेला. १९५९ पासून ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ या कार्टून मालिकेतल्या खट्याळ परीकथांचं निवेदन त्याच्या आवाजात होतं. आजचे कित्येक वयस्क अमेरिकन त्याला पडद्यावरून नव्हे, त्या आवाजावरून ओळखतात. साठच्या दशकात ‘एफ ट्रूप’ मालिकेत आणि ‘बॅटमॅन’मध्ये त्याला मूलनिवासी अमेरिकनांची सोंगं दिली गेली. तेव्हा लोक हसले, आज ते बघवत नाही, आणि त्याची चूक झाकण्याचं कारणही नाही. २९ सप्टेंबर १९७० रोजी, ८४ व्या वर्षी तो गेला. शेवटचा सिनेमा ‘कोल्ड टर्की’ त्याच्यानंतर प्रदर्शित झाला. त्यात तो चाकांच्या खुर्चीतला म्हातारा मालक आहे आणि त्याला एकही संवाद नाही. मूकपटांतून आलेल्या माणसाला त्याची अडचण कसली?

बघायचं असेल तर

‘टॉप हॅट’पासून सुरुवात करू नका, तिथे नाच सगळं लक्ष पळवतो. आधी ‘ट्रबल इन पॅरडाइज’, तेही फिलिबावर नजर ठेवून. मग १९३८ चा ‘हॉलिडे’. ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मध्ये तो जेमतेम काही मिनिटं, वेड्यांच्या संस्थेचा संचालक म्हणून येतो, पण आजूबाजूला सगळे किंचाळत असताना हा एकटा किती मऊ आवाजात बोलतो ते ऐका. हा सिनेमा १९४१ मध्येच तयार झाला होता. मूळ नाटक ब्रॉडवेवर चालू असेपर्यंत दाखवायचा नाही असं ठरल्यामुळे १९४४ मध्ये बाहेर आला. त्यानंतर ‘टॉप हॅट’ लावा, आणि बो टायच्या भांडणाला आवाज थोडा मोठा करा.